घड्याळ पाहण्याचा कार्यक्रम

मी सिंदेवाहीला मुलगी पाहायला गेलो आणि घड्याळ पाहून परत आलो.

यात माझी काही चूक नव्हती, असं मी पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. मग सांगायचं सोडून दिलं; कारण ज्याला सांगायला जावं तो माझ्या तोंडाकडे न पाहता मनगटाकडे पाही आणि हसू दाबत पान मागे.

तेव्हा मी मूलच्या लाकूड डेपोवर कारकून होतो. नोकरी कायम, तब्येत बरी, घरी मी आणि आई. दोष एकच: घड्याळं. साधी आवड नव्हे! अस्सल घड्याळ मिळवायचं, मग त्याचं नकली भावंड शोधून काढायचं आणि दोघांना शेजारी शेजारी ठेवून फरक पाहत बसायचं, हा माझा शौक. डेपोवर लाकडाच्या लिलावाला नागपूर-रायपूरकडचे व्यापारी येत, बिडीपत्त्याच्या हंगामात ठेकेदारांचे मुनीम येत. त्यांच्या मनगटांवर तऱ्हेतऱ्हेची घड्याळं असत. काही खरोखर स्वित्झर्लंडहून आलेली, काही कुठल्या तरी बोळातून. (एका घड्याळावर तर जागा संपल्यामुळे देशाचं नाव अर्धंच लिहिलेलं होतं.) त्यांच्याशी अदलाबदल करून करून मी बऱ्यापैकी संग्रह जमवला होता.

मी घड्याळ कानाला लावी, गालाला लावी, भिंगातून पाही, त्याचा वास घेई. आई चुलीपुढून ओरडे, "चाटून नको पाहू रे बापा! पोटात काटा जाईन!"

दुःख एवढंच, की माझी अस्सल घड्याळं बहुतेक बंद असत. त्यांचा एखादा भाग बिघडला तर तो चांद्यात मिळत नसे, नागपुरातही मिळत नसे. नकली बिचारी मात्र इमानानं चालत. म्हणून एका मनगटावर मान ताठ ठेवायला अस्सल आणि दुसऱ्यावर वेळ पाहायला नकली, अशी मी वाटणी करून टाकली होती.

"दोन हाताले दोन घड्या," आई म्हणे, "अन् डेपोत रोज उशीर!"

या शौकापायी माझं एक लग्न मोडून झालं होतं. नागभीडला मुलीच्या काकांनी सहज वेळ विचारली. मी वेळ सांगितली, आणि वर हेही सांगितलं की तुमच्या हातातलं घड्याळ बनावट आहे. काका पोह्यांवरून उठले. मला वाटलं, घड्याळ बदलायला गेले असतील. ते परत आलेच नाहीत. मुलगीही बाहेर आली नाही. शेवटी आम्हीच निघालो.

त्यामुळे सिंदेवाहीचं स्थळ आलं तेव्हा आईनं वरोऱ्याहून दौलतमामांना बोलावून घेतलं. मामा कापसाचे दलाल. बाजारात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते तुमच्या कानात काही बोलले तरी शेजारच्या घरी कळे. त्यांनी मला समोर बसवलं.

"मनोहर, एकच घडी घालाची. अन् तिच्याबद्दल एक शब्द नाई काढाचा! कोनी टाइम इचारला तं टाइम सांगाचा, अन् गप बसाचं. समजलं का गा?"

"समजलं मामा."

"हे पोरगी हातची गेली, तं तुह्या मायनं तुह्या घड्याईले हळद लावाची का?"

मी शपथ घेतली. आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. मग संदूक उघडून चौकोनी, सोनेरी कडेचं 'बेर्नाल' काढलं आणि मनगटावर बांधलं. हे माझ्याकडचं सगळ्यांत सुंदर घड्याळ. अर्थात नकली. पण इतकं बेमालूम, की ते नकली आहे हे फक्त मला आणि ते बनवणाऱ्यालाच माहीत! अस्सल बेर्नाल मी जन्मात पाहिलं नव्हतं. नुसतं त्याचं वर्णन ऐकून होतो.

नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं मामा आणि मी सकाळीच सिंदेवाहीला उतरलो. मुलीचे वडील गोविंदराव, धानाची चांगली शेती असलेले गृहस्थ. चुरणी, म्हणजे मळणी, नुकतीच आटोपली होती आणि अंगणभर धान वाळत पसरलं होतं. अंगणाच्या कडेनं जपून पावलं टाकत आम्ही ओसरीवर चढलो. गोविंदरावांनी हात जोडले, "या जी, बसा जी," म्हणाले, आणि त्यांच्या कुडत्याची बाही मागे सरकली.

बेर्नाल! चौकोनी! सोनेरी कडेचं!

माझी नजर त्यांच्या मनगटावर खिळली. त्यांची माझ्या. मामांनी माझ्या मांडीला चिमटा काढला आणि मोठ्यानं विषय काढला.

"यंदा धान चांगलं दिसते जी!"

"हो जी, बरं हाये," गोविंदराव माझ्या मनगटाकडे पाहत म्हणाले.

"रोग नाई ना पडला?"

"हो जी, बरा हाये." (रोगसुद्धा बरा!)

"अन् पानी?"

"पाहुने," गोविंदराव एकदम माझ्याकडे झुकले, "घडी बेर्नाल का जी?"

मामांना खोकला आला. मी शपथ आठवून एकाच शब्दात उत्तर दिलं, "हो."

"सतरा ज्वेलची?"

आता इथे गप्प कसं बसायचं, तुम्हीच सांगा! नागभीडला मी दुसऱ्याच्या घड्याळाबद्दल खरं बोललो होतो. इथे तर माझ्याच घड्याळाचा प्रश्न होता. मी मामांकडे पाहिलं. मामा मान हलवत होते. मी गोविंदरावांकडे पाहिलं. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"भाऊ, खरं सांगू का? हे नकली हाये."

मामांनी कपाळाला हात लावला. त्या काळी नवरामुलगा नसलेली शेती आहे म्हणून सांगे, तिसाची नोकरी साठाची करून सांगे. न विचारता स्वतःचं पितळ उघडं करणारा हा पहिलाच!

पण गोविंदरावांचा चेहरा फुलला.

"नकली? खरंच नकली? वा वा वा! माझी असली हाये जी. दाखवा बरं!" आणि त्यांनी खिशातून भिंग काढलं.

माझंही भिंग माझ्या खिशातच होतं. दोन भिंगं एकदम बाहेर आली, आणि मामांनी डोळे मिटून घेतले.

मग काय विचारता! गोविंदरावांनाही हाच शौक, आणि अख्ख्या सिंदेवाहीत त्यांना या विषयावर बोलायला माणूस नाही. त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "अवो, डबा पाठवा!" आतून लाडवांचा डबा आला. "हा नाई, दुसरा!" चिवड्याचा आला. "अवो, घड्यांचा!" त्यावर आत जे भांडं आपटलं, त्याचा आवाज मला अजून आठवतो. पण डबा आला. आम्ही ओसरीच्या कडेला, जिथे ऊन चांगलं पडलं होतं तिथे, गोविंदरावांचं उपरणं अंथरलं, त्यावर घड्याळं मांडली आणि पालथे पडलो. हो, पालथे! होणारे सासरे आणि होणारा जावई, दोघंही पोटावर, डोक्याला डोकं लावून.

"याचा काटा पाहा जी, कसा निळा मारते."

"माझा काळा दिसते, भाऊ."

"तेच तं! असली अन् नकली इथीच समजते!"

एवढ्यात कुणी तरी उजेडात आलं. उपरण्यावर सावली पडली.

"बाजूला व्हा जी," मी भिंगातून डोळा न काढता म्हणालो, "उजेड अडून राह्यला."

सावली हलली नाही. माझ्या कानाशी एक बशी आली. मी हात वर करून ती घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणालो, "हळू चाला, काटे हलतात."

सावली निघून गेली. मामा माझ्या कानाशी वाकले, म्हणजे अंगणापलीकडे रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायाही थांबल्या.

"अबे पोट्ट्या! थे पोरगी होती!"

"कुठी?" मी मान वर केली. दारात फक्त पडदा हलत होता.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी ठरवलंही होतं, की आता घड्याळं आवरायची आणि रीतसर मुलगी पाहायची. पण गोविंदराव म्हणाले, "असं करू, दोन्ही बेर्नालची पाठ उघडून पाहू. मंग पोरगी पाहू." आणि मला ते अगदी योग्य वाटलं! त्यांनी चाकूच्या टोकानं दोन्ही पाठी काढल्या. पट्टेही सोडले. आत दोन्ही यंत्रं सारखीच धडधडत होती. आम्ही दोघं श्वास रोखून पाहत होतो. मामा एकटेच पोहे खात होते. आधी त्यांचे, मग माझे, मग गोविंदरावांचे.

जेवण तयार असल्याचा निरोप आला. "आलोच," गोविंदराव म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा निरोप आला. "एक मिनिट," गोविंदराव म्हणाले. तिसऱ्या वेळी निरोप आला नाही. खुद्द जानकीबाई आल्या. गोविंदरावांची बायको. पातोड्यांची भाजी निवते आहे, पाहुणे उपाशी आहेत, पोरगी आत तोंड फुगवून बसली आहे, आणि हे दोघं पालथे!

"उठता का नाई जी?"

"एक मिनिट म्हनलं ना."

"तुमच्या घड्याईत एक मिनिट कवाच सरत नाई!" आणि त्यांनी वाकून उपरण्याचं टोक धरलं आणि ओढलं.

त्यांना बिचारीला उपरणंच हवं होतं. पण घड्याळं उडाली! डब्यातली इतर ओसरीवरच सांडली, पण दोन्ही बेर्नाल, उघड्या पाठीची, सोन्याच्या बेडकांसारखी उडी मारून अंगणात वाळणाऱ्या धानात गेली. त्यांच्या पाठीही त्यांच्यामागे गेल्या.

मग गोविंदरावांनी आणि मी एकाच वेळी धानात उडी घेतली. आम्ही गुडघ्यांवर रांगत धान उपसू लागलो. मामा धोतर वर धरून अंगणाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते, "पाय नका हालवू! पाय नका हालवू!" आणि स्वतः या पायावरून त्या पायावर नाचत होते. जितकं आम्ही शोधावं तितकं धान इकडचं तिकडे होई. सोनेरी घड्याळ सोनेरी धानात! गोविंदरावांनी भिंग डोळ्याला लावलं. प्रत्येक दाणा त्यांना घड्याळाएवढा दिसू लागला. कोंबड्यांना वाटलं, आज सगळ्यांना मोकळीक आहे, त्याही आल्या.

"बाबा, सरका."

मी मान वर केली. एक मुलगी सूप घेऊन उभी होती. पाहण्याच्या कार्यक्रमाचं नवं लुगडं, आणि पदर कमरेला खोचलेला.

"तुमी दोघं वर जाऊन बसा. अन् मामाजी, तुमी तं आधी निंघा धानातून."

आम्ही तिघंही निमूटपणे ओसरीवर जाऊन बसलो. तिनं घड्याळं पडली त्या जागेचं धान सुपात घेतलं आणि पाखडायला सुरुवात केली. सूप वर जाई, धान उडे, पुन्हा सुपात येई, आणि तिच्या केसांवर, भुवयांवर बारीक कोंडा बसे. मी पाहत राहिलो. त्या दिवसात पहिल्यांदाच भिंगाशिवाय काही तरी पाहत होतो!

"हे एक," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "हे दुसरी." पाठीही मिळाल्या. दोन्ही घड्याळं बंद पडली होती आणि आत कोंडा गेला होता, पण मिळाली! जानकीबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मामांनी जेवणाचं नाव काढलं. सगळं सुरळीत होणार, इतक्यात मुलीनं दोन्ही घड्याळं आमच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "यातली बाबाची कोनती?"

गोविंदराव हसले. असलं कुणी विचारतं का? त्यांनी भिंग लावलं. एक पाहिलं. दुसरं पाहिलं. पुन्हा पहिलं पाहिलं. हसू हळूहळू कमी झालं.

"हे," ते म्हणाले.

"भाऊ," मी म्हणालो, "मले तं थे माझी वाटते."

"बरं, मंग हे."

"हेही माझीच वाटते जी."

आम्ही ऊन बदललं. काटे पाहिले, दोन्ही निळे. सावलीत नेले, दोन्ही काळे. घड्याळं कानाला लावली, बंद घड्याळ काय बोलणार! मी वास घेतला. दोन्हींना धानाचा वास. जन्मभराचा अनुभव असलेले दोन जाणकार, दोन भिंगं, आणि उत्तर शून्य!

"एक असली, एक नकली," मामा म्हणाले, "अन् दोघायलेही ओळखू येत नाई! मंग हा शौक कायचा जी?"

यावर आम्ही दोघं जे भांडायला लागलो, ते उलटंच भांडण. "तुमी हे घ्या, हे असलीच असन." "नाई भाऊ, असली तुमची, तुमीच घ्या." "पाहुन्याले नकली देऊन पाठवू का मी?" "पन मी नकलीच घेऊन आलतो ना जी!" जेवताना भांडलो, जेवून उठल्यावर भांडलो. शेवटी मामांनी हात वर केला.

"गाडीचा टाइम झाला. वाजले किती?"

साधा प्रश्न होता. मी सवयीनं मनगट पाहिलं, मनगट उघडं. गोविंदराव म्हणाले, "थांबा जी," आणि डबा उघडला. "हे म्हनते साडेतीन. हे म्हनते पावनेपाच. याच्यावर भरवसा नाई... हं, हे! हे माझी खात्रीची." त्यांनी ते कानाला लावलं. हलवलं. पुन्हा कानाला लावलं. "कालच तं चालत होती!"

आणि त्याच वेळी स्टेशनाकडून शिटी ऐकू आली. आधी एक लांब, मग दोन आखूड, मग छोट्या गाडीचा तो ओळखीचा खडखडाट, लांब लांब जाणारा.

"अरे, घरात एवढ्या घड्या!" मामांचा आवाज कदाचित गाडीतल्या माणसांनाही ऐकू गेला असेल. "अन् गाडी चुकली!"

दुसरी गाडी सकाळी. बैलगाडीनं निघावं, तर अंधार पडल्यावर जंगलाच्या त्या रस्त्यानं कुणी बैल जुंपायला तयार नसे. तिथले वाघ घड्याळ न पाहता फिरत. तेव्हा ज्या घरची मुलगी अजून रीतसर पाहिलीही नव्हती, पसंती-नापसंती काही कळवली नव्हती, त्याच घरी मुक्काम करायची वेळ आली. मामा रात्रभर घोरले, आणि त्या घरात दुसऱ्या कुणाला झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

सकाळी मी विहिरीवर तोंड धूत होतो. ती चहा घेऊन आली. या वेळी मी कप तिच्या हातातून, तिच्याकडे पाहून घेतला.

"मले पाह्यलं का तुमी?" तिनं विचारलं.

"पाह्यलं."

"कवा? पोहे घेऊन आली तवा तं तुमी मले बाजूला सारलं."

"धान पाखडताना पाह्यलं."

ती म्हणाली, "खरं सांगा, बाबाची घडी कोनती? बाबा म्हनते, पाहुन्याले नक्की माईत हाये, पन लाजून सांगत नाई."

खोटं बोलायला ती जागा फार चांगली होती. दोनपैकी कुठल्याही एकावर बोट ठेवलं असतं तरी मी जाणकार ठरलो असतो. पण माझ्या तोंडून निघालं, "मले नाई समजत."

"काईच?"

"काईच."

ती हसली. तोंडाला पदर लावून नाही, चांगली मोकळी हसली, आणि आत पळाली. मला वाटलं, संपलं. नागभीडनंतर सिंदेवाहीही गेलं. आता छोटी गाडी जिथवर जाते तिथवर कुणी मला मुलगी दाखवणार नाही.

पण आम्ही निघायच्या वेळी जानकीबाई बाहेर आल्या. एका हातात एक बेर्नाल, दुसऱ्या हातात दुसरं. त्यांनी एक नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं, एक माझ्या.

"हे तुमचं, हे तुमचं. आता कोनी याच्यावर बोलाचं नाई. दौलतभाऊ, पोरीले पसंत हाये. तुमचं काय थे आताच सांगून टाका, नाईतं हे दोघं पुन्हा पालथे पडतीन."

मामा एवढ्या जोरात "पसंत!" म्हणाले, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

लग्न झालं. मुहूर्ताची वेळ सांगायचं काम ना सासऱ्यांकडे दिलं, ना माझ्याकडे. भटजी स्वतःचं घड्याळ घेऊन आले होते. (बरं होतं. अंतरपाटामागूनसुद्धा दिसलं, अस्सल.) आमची दोन्ही बेर्नाल साफ होऊन पुन्हा चालू लागली. मी सासुरवाडीला गेलो, की सासरे आणि मी ओसरीवर उन्हात बसतो, दोन्ही घड्याळं शेजारी ठेवतो आणि पाहतो. सासरे म्हणतात अस्सल माझ्याकडे आहे, मी म्हणतो त्यांच्याकडे. दोघंही आपण मोठ्या मनानं अस्सल देऊन टाकलं या समाधानात असतो, त्यामुळे आमचं कधी वाजलं नाही.

एकच गोष्ट मला खटकत होती. इतका तमाशा झाल्यावर कमल मला हो का म्हणाली? (कमल म्हणजे माझी बायको.) संसाराला काही वर्षं झाल्यावर, ती चांगल्या मनःस्थितीत असताना, मी विचारलं. माझ्या मनात होतं, ती म्हणेल, तुमचा खरेपणा आवडला. फार तर म्हणेल, तुमचा चेहरा आवडला.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विहिरीवर पक्कं समजलं, की तुमाले काईच समजत नाई. ज्या मानसाले काई समजत नाई अन् थे तो कबूल करते, त्याच्यासंग संसार सोपा जाते."

हे मला फार लागलं. पुढच्या खेपेला सिंदेवाहीला गेलो तेव्हा मी सासऱ्यांना एकीकडे घेतलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, निदान पुरुषमाणूस माझी बाजू घेईल. सासऱ्यांनी भिंग खाली ठेवलं, आतल्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मनावर नका घेऊ, जावईबुवा. तुमच्या सासूबाईनं मलेही हेच पाहून होकार देल्ला होता."